आमचं न म्हटलेलं पाणी

आमचे आबा सरकारदरबारी एकदा खरं बोलले आणि त्यात अख्खं गाव गेलं. हे मी चिडून लिहितोय असं कुणाला वाटेल. चिडूनच लिहितोय. वीस-बावीस वर्षं त्यांचे अर्ज मीच लिहिले, एकूण अठरा, आणि त्या सगळ्यांत अक्षर माझं आणि अंगठ्याऐवजी सही त्यांची. चार इयत्ता शिकलेला माणूस, सहीचा त्यांना भारी अभिमान. ते शिक्षणच त्यांना नडलं.

त्यांचं नाव उखर्डू. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे जन्मले तसं आजीनं त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीकडून परत उचलून घेतलं. आमच्याकडे अशी मुलं जगतात. आबा जगले. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा बाप, मात्र मी चालायला लागायच्या आत वारला. मग मला आबांनी आणि मोठीमायनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भिकुबाईनं, वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही.

गाव उमरझिरा. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याला पाठ टेकून बसलेलं. चाळीसेक घरं, एक चावडी, एक विहीर. विहीर फाल्गुनापर्यंत पाणी द्यायची आणि मग तळ दाखवायची. तिची कुणी काळजी करत नसे, कारण गावामागच्या खोऱ्यात सात झिरे होते. साग-अंजनाचं दाट जंगल, मध्ये काळा खडक, आणि त्या खडकातून सात ठिकाणी पाणी. त्यातल्या दोन झिऱ्यांचं पाणी थंडीत कोमट लागायचं. वैशाखात सगळा मुलूख करपलेला असताना तिथं उंबराखाली गारवा असे, आणि गुरं पाण्यात गुडघाभर उभी राहून डोळे मिटत.

प्रत्येक झिऱ्याजवळ एक शेंदूर लावलेला दगड. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. पाणी त्यांचं. बाई घागर घेऊन गेली की आधी म्हणायची, “माय, दोन घागरी मांगस,” आणि मगच घागर बुडवायची. तिथं पाण्याला ‘आमचं’ म्हणायचं नाही, हा गावाचा कडक नेम. शेतावरून भाऊ भावाचं डोकं फोडी, पण झिऱ्यावर ‘माझी पाळी’, ‘तुझी पाळी’ हा शब्दसुद्धा निघत नसे. कुणी ‘माझं’ म्हटलं की आसरा उठून जातात आणि झिरा आटतो, असं लहानपणीच कानात भरवलेलं. या नेमामुळे उमरझिऱ्यात पाण्यावरून कधी भांडण झालं नाही. असा शहाणा नेम मी दुसऱ्या गावात पाहिला नाही, आणि इतका घातकही नाही.

एकोणीसशे अकरा साली जंगलाच्या चौकशीसाठी साहेब आला. आंब्याखाली तंबू, टेबल, टेबलामागे कारकून. दवंडी आधीच पिटली होती : जंगल राखीव व्हायचं आहे, ज्याचा जो हक्क असेल तो त्यानं तीन महिन्यांच्या आत सांगावा. गावच्या पाटलांना पक्षाघात झालेला, त्यामुळे बोलायला पुढे कोण, तर चार बुकं शिकलेला उखर्डू. वय सव्वीस. डोक्याला नवा फेटा बांधून गेले होते म्हणे.

आबांनी सगळं नीट सांगितलं. गुरं चारायचा हक्क सांगितला, तो लिहिला गेला. मोहाची फुलं, वाळक्या लाकडाची मोळी, तेही लिहिलं गेलं. मग कारकुनानं विचारलं, “खोऱ्यात झरे आहेत. ते कोणाचे? गावाचे, का एखाद्या घराचे?”

आबांनी हात जोडले. “आसरास्ना शेतस, रावसाहेब. आम्हना कोठून व्हतीन?”

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं पुन्हा विचारलं, “नीट विचार करून सांगा. पाण्यावर गावाचा हक्क आहे का नाही?”

“हक्क कसाना? आम्ही फक्त मांगी लेतस.”

मागे तीस माणसं उभी होती. एकानंही आबांची बाही ओढली नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण पोरगं चांगलं बोललं होतं, आसरांचा मान राखून बोललं होतं. कारकुनानं लिहिलं : ‘झऱ्यांच्या पाण्यावर कोणाचाही हक्क नाही, असे समस्त गावकऱ्यांतर्फे उखर्डू सुका पाटील याने सांगितले.’ आबांनी खाली सही केली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मोठीमायला सांगितलं की साहेबापुढे आपण जरासुद्धा अडखळलो नाही.

नऊ वर्षं काही झालं नाही. जंगलाच्या कडेला दगड रोवले गेले, त्यांवर आकडे आले, पण बाया झिऱ्यावर जात राहिल्या. कागदावर एक आणि पायवाटेवर दुसरं, असं आपल्या देशात चालतंच, तसंच हेही चालेल असं सगळ्यांनी धरलं.

विसाव्या साली एका साहेबाला ती जागा आवडली. आवडण्यासारखीच होती, त्यात त्याचा काय दोष! त्यानं वर लिहून मंजुरी आणली. झिऱ्यांच्या खाली ओढ्याला बांध घालून तळं करायचं, काठावर बंगला, नाताळात नि उन्हाळ्यात साहेबलोकांनी विश्रांतीला यावं, होडी चालवावी, बदकं मारावीत. बांधाच्या कामावर आमचंच गाव होतं. आबांनीही टोपल्या वाहिल्या. तळं भरलं तेव्हा लोक कौतुकानं बघायला गेले, एवढं पाणी एका जागी कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्याच उन्हाळ्यात तारेचं कुंपण पडलं आणि फळी लागली : गुरं, आंघोळ, कपडे धुणे, पाणी नेणे मना.

राखणीला छगन नावाचा जवान होता, शिरपूरकडचा. तो पोटात माया असलेला निघाला. बंगल्यावर कुणी नसलं की तो बायांना सकाळी आत सोडायचा, फक्त म्हणायचा, “बहिनीसहो, मनं नाव सांगू नका.” दोन उन्हाळे असे निभले. तिसऱ्या उन्हाळ्यात एक मडमबाई न कळवता आली आणि तिनं झिऱ्यावर बारा घागरी रांगेत पाहिल्या. छगनची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्याचं नाव मला आठवत नाही, त्याचा दंडुका आठवतो.

तिथून आबांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. मी तेव्हा चोपड्याच्या शाळेत नुकताच मास्तर लागलो होतो. आबा चालत यायचे, ओट्यावर बसून पायाची धूळ झटकायचे नि म्हणायचे, “गिरधर, लिख.” मी लिहायचो : विहीर आटते, बायकांना दोन कोसांवर नदीत झिरा उकरावा लागतो, तरी मेहरबान साहेबांनी पाणी नेण्याचा हक्क द्यावा. सहा-आठ महिन्यांनी उत्तर यायचं. प्रत्येक उत्तरात एकच वाक्य : सन अकराच्या चौकशीत खुद्द गावकऱ्यांनी हक्क नसल्याचे सांगितले आहे. आणि त्यापुढे दरवेळी आबांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. सरकार हजार गोष्टी विसरलं असेल, पण हे नाव विसरलं नाही.

कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की खानदेशाचे दोन जिल्हे व्हायच्या आधीचा जुना कागद धुळ्याला आहे, त्यात झिऱ्यांवर गावाची वहिवाट नोंदलेली आहे. झालं, आबा धुळ्याला. तिथं सांगितलं, ते दप्तर जिल्हा फुटला तेव्हा जळगावला गेलं. जळगावला सांगितलं, आलंच नाही, धुळ्यालाच असेल. अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेनंतर मी म्हटलं, “आबा, तो कागद पारोळ्याच्या वाटेत कुठंतरी पडलाय, तुम्ही खाली बघत चाला.” ते हसले. मोठीमाय हसली नाही.

तिला कसं हसू येणार! पाणी ती आणत होती. होळी झाली की पहाटे निघायची, डोक्यावर दोन, कमरेवर एक. नदीच्या वाळूत खड्डा करायचा, वाटीनं पाणी गोळा करायचं, तेच गाळून घागरीत. चारदा वाळू ढासळली की पाचव्यांदा उकरायचं. नदीच्या वाटेवरून डाव्या हाताला तळं दिसायचं. वाऱ्यावर पाण्याचा वाससुद्धा यायचा. पन्नाशीच्या आत तिची पाठ वाकली ती पुन्हा सरळ झाली नाही. ती आबांना कधी काही बोलली नाही, पण शेजारची सुगंधाबाई बोलायची, आणि आबांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची : “पानी देवले दी दिधं, आनि घागर आम्हना डोकावर!”

एकतीस साली मात्र आशा वाटावी असं झालं. कचेरीत एक नवा साहेब आला, आपलाच मराठी माणूस. त्यानं अर्ज वाचून बोलावणं धाडलं. त्याच्या शिरस्तेदारानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “साहेबांच्या मनात आहे. तुमच्या म्हाताऱ्यानं शपथेवर एवढंच म्हणायचं, की झरे पूर्वापार गावाचे आहेत. बाकी साहेब बघून घेतील.”

आम्ही जळगावला गेलो. वाटेत मी आबांकडून ते वाक्य पाठ करून घेतलं, पोरांकडून पाढे करून घ्यावेत तसं. ‘झरे आमच्या गावाचे आहेत.’ चारच शब्द. पण ‘आमच्या’ आलं की आबांचा आवाज खाली जायचा.

साहेबानं त्यांना खुर्ची दिली. आबा बसले नाहीत. “झरे कोणाचे?” साहेबानं विचारलं. आबांनी फेटा सावरला. मी मागे उभा. साहेबानं पुन्हा विचारलं. आबांनी दोन्ही कानांना हात लावले, डोळे मिटले आणि म्हणाले, “आम्हना.”

साहेबाचा चेहरा खुलला. मग त्यानं अकरा सालचा कागद पुढे ओढला, कारण तो पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नव्हतं. “मग ही सही तुमचीच ना? तेव्हा तुम्ही उलट सांगितलंत. तेव्हा खोटं बोललात, असं लिहू?”

एवढंच ‘हो’ म्हणायचं होतं. आबा म्हणाले, “नही सायेब. तव्हयबी खरंच बोलनू.”

“म्हणजे आता खोटं बोलताय?”

“आतेबी खरं शे.”

“दोन्ही खरं कसं असेल, बाबा?”

आबांना ते सांगता आलं नाही. मला आलं असतं. घागर बुडवताना काय म्हणायचं आणि टेबलापुढं काय म्हणायचं, यातलं अंतर मी साहेबाला त्याच्या भाषेत समजावू शकलो असतो. पण मी लोकलबोर्डाच्या शाळेचा मास्तर, साहेबापुढे न विचारता तोंड उघडलं तर नोकरीवर गदा येईल, या धास्तीनं मी कोपऱ्यातल्या दप्तरांकडे बघत राहिलो. साहेबानं टाक बुडवला आणि लिहिलं, की अर्जदाराच्या दोन जबान्या परस्परविरुद्ध असल्यामुळे विश्वास ठेवता येत नाही. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

स्वतःच्या भेकडपणाचा राग माणूस दुसऱ्यावर काढतो. मी तो परतीच्या वाटेवर आबांवर काढला. म्हटलं, “वीस वर्षांपूर्वी हाच एक शब्द बोलला असतात तर गाव वाचलं असतं. तुमच्या एका तोंडापायी मोठीमायची पाठ मोडली.” आबा पुढे चालत राहिले. गावात शिरायच्या आधी ते कुंपणाजवळ गेले, तारेच्या बाहेरून झिऱ्यांकडे तोंड करून जमिनीला डोकं टेकलं. “माय, तोंडमातून निंघी गयं, माफ कर,” म्हणाले. सरकारकडून काही मिळालं नव्हतंच, वर आसरांचाही गुन्हा पदरात पडला होता.

त्यानंतर गाव विरत गेलं. उमरझिऱ्यात पोरगी द्यायला कुणी तयार होईना. पाण्याला दोन कोस जावं लागतं म्हटल्यावर कुठली आई हो म्हणेल? बिनलग्नाची पोरं आधी गेली, कुणी चाळीसगावच्या गिरणीत, कुणी रावेरकडे केळीच्या बागांत. मग त्यांच्यामागे म्हातारे गेले. दर श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या जेवणाला एकेक भाऊबंद कमी व्हायचा. जाणारं प्रत्येक घर आबांच्या ओट्याशी थांबून राम राम करायचं. बहुतेकांच्या डोळ्यांत राग नसायचा. आबांना तो असता तर बरं वाटलं असतं, असं मला नेहमी वाटे.

आणि हेही सांगून टाकतो. चौतीस साली शिक्षणखात्याच्या इन्स्पेक्टरांची वनभोजनाची सहल त्या तळ्यावर गेली. पास काढलेला, आम्हा चार मास्तरांना बरोबर घेतलं. मी बांधावर बसून जेवलो. होडीतून फिरलो. झिऱ्याचं पाणी ओंजळीनं प्यालो, किती वर्षांनी, आणि काय गोड लागलं! डोंगराची सावली पाण्यात पडली होती, पलीकडे मोर ओरडत होता. त्या वेळी मला लाज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी वाटली, पण आबांना सांगायची हिंमत झाली नाही.

सेहेचाळीस साली मोठीमाय गेली. नदीवर नव्हे, घरातच, अंथरुणावर. शेवटच्या दिवसांत तिला तहान फार लागे. तोवर गावात दोनच चुली उरल्या होत्या, आबांची आणि सुगंधाबाईची. दिवाळीनंतर सुगंधाबाईला तिचा जावई घेऊन गेला.

त्याच वर्षी मी अठरावा अर्ज लिहिला. मुंबईत आपलं मंत्रिमंडळ आलेलं, इंग्रज जाणार असं पोरंसोरंही बोलत होती. आबांना पुन्हा पालवी फुटली. “आते आपलं राज ई ऱ्हायनं, गिरधर. आते इचारतीन.”

चैत्रात, आखाजीला म्हणजे अक्षय्यतृतीयेला पंधरवडा उरला असताना, मी त्यांना पाहायला गेलो तर ते तापानं फणफणत जमिनीवर पडलेले. मडक्यात बोटभर गढूळ पाणी. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता, आणि असणार कसा, गावात होतंच कोण? मी गाडी जुंपली. आबा नको नको म्हणत होते. “मी गऊ तं गावमा चूल कोन पेटाडी? कोनी चवकशीले उना तं?”

“पस्तीस वर्षांत कुणी आलं नाही, ते आता पंधरा दिवसांत येणार आहेत का?” मी म्हटलं. त्यांना उचलून गाडीत घातलं, दाराला कडी लावली. म्हातारा हलका झाला होता. चोपड्याला बायकोनं अंथरूण घातलं, वैद्याला बोलावलं, महिन्याभरात ते काठी टेकत अंगणात यायला लागले. शेजारीपाजारी म्हणाले, पुतण्या असावा तर असा. मलाही ते ऐकून बरं वाटलं.

श्रावणात उत्तर आलं. चोपड्यात झेंड्यांची तयारी चालली होती, शाळेत पोरांकडून मी गाणी बसवून घेत होतो. पाकीट जाड होतं. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि ओट्यावर बसलो.

सरकारनं अर्ज मान्य करण्याच्या हेतूनं जागेवर अधिकारी धाडला होता. चौकशीची नोटीस आठ दिवस आधी उमरझिऱ्याच्या चावडीवर चिकटवली होती. ‘नेमल्या दिवशी समक्ष पाहणी केली. गावात एकही चूल पेटती आढळली नाही. घरे बंद अगर पडकी. गाव बेचिराख झाले असून पाण्याचा हक्क मागणारे कोणी राहिलेले नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. झरे, तळे व वन ही जागा यापुढे सर्व जनतेच्या विश्रांतीसाठी राखीव राहील.’

आबा समोर बाजेवर बसले होते. “वाच,” म्हणाले. मला खोटं वाचता आलं असतं. ज्या घरात एका खऱ्यापायी एवढं झालं, तिथं खोटं बोलायचीही माझी हिंमत झाली नाही. सगळं वाचलं.

त्यांनी कागद हातात घेऊन मोहर पाहिली. मग त्यांनी विचारलं, “सायेब कव्हय उना व्हता?”

“आखाजीच्या चार दिवस आधी.”

“आनि आपुन कव्हय निंघनूत?”

“आखाजीच्या पंधरा दिवस आधी.”

अकरा दिवस. त्यांनी बोटांवर मोजले. मीही मनात मोजले होते, पाकीट वाचताक्षणीच. एक चूल. अकरा दिवस एक चूल तिथं पेटती राहिली असती, मी चोपड्याहून कुणाला आबांच्या उशाशी बसवलं असतं, वैद्य तिकडे नेला असता, तरी पुरलं असतं. हे मला सुचलंच नाही. आजारी म्हाताऱ्याला घरी आणायचं, एवढंच मला माहीत होतं.

मी रडायला लागलो. बेचाळीस वर्षांचा मास्तर, बायकोपोरांसमोर. आबांनी काठी बाजूला ठेवली, सरकत माझ्याजवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“तुन्ही काय चूक नही, भाऊ,” ते म्हणाले. “घरना म्हतारा मानूसले कोनी एकलं सोडस का? तुन्हा जागावर कोनीबी ऱ्हाता तं त्यानी हाईच करं असतं.”

छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणीही म्हटलं नव्हतं. तंबूपुढच्या त्या तिसांपैकी कुणी नाही, सुगंधाबाई नाही, ज्याला त्यांनी वाढवलं तो मीही नाही. त्या दिवशीही मी म्हणालो नाही. रडत राहिलो, आणि तेच मला समजावत राहिले. भाद्रपदात ते गेले.